हायफील्ड रोडचा स्कोअरबोर्ड : जिमी हिलच्या आयुष्यातलं एक प्रकरण

19 मे 1977, गुरुवारची रात्र. कोव्हेंट्रीच्या हायफील्ड रोड मैदानावर सामन्याची शेवटची काही मिनिटं उरली होती आणि मैदानावरच्या बावीस जणांपैकी कुणीच फुटबॉल खेळत नव्हतं. चेंडू ब्रिस्टल सिटीच्या बचावपटूंकडे होता. ते तो आपसांत फिरवत होते, मागे गोलकीपरकडे देत होते, पुन्हा घेत होते. कोव्हेंट्रीचे खेळाडू चेंडू हिसकावायला पुढे सरसावत नव्हते. गोलफलक 2-2. काही क्षणांपूर्वीपर्यंत हेच दोन संघ एकमेकांच्या नरडीला लागले होते.

मधल्या काळात घडलं होतं ते इतकंच : स्कोअरबोर्डवर दुसऱ्या एका सामन्याचा निकाल झळकला होता. एव्हर्टन 2, संडरलंड 0.

तो निकाल लावायला सांगणारा माणूस म्हणजे कोव्हेंट्री सिटी क्लबचा मॅनेजिंग डायरेक्टर जिमी हिल. हाच माणूस शनिवारी रात्री बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’मध्ये बसून अख्ख्या इंग्लंडला फुटबॉल समजावून सांगत असे. त्याआधी तो याच कोव्हेंट्रीचा मॅनेजर होता, त्याआधी खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष आणि त्याआधी फुलहॅमचा खेळाडू. इतक्या खुर्च्यांवर बसलेला दुसरा माणूस इंग्लिश फुटबॉलमध्ये मला माहीत नाही. त्या रात्री या सगळ्या खुर्च्या एकाच जागी येऊन आदळल्या, म्हणून हे प्रकरण मला त्याच्या आयुष्याचा गाभा वाटतं.

गणित

आधी आकडे बघू, कारण सगळी गंमत आणि सगळं दुःख त्यातच आहे.

पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात 22 संघ होते आणि तळाचे तीन खालच्या विभागात जाणार होते. स्टोक आणि टॉटनहॅम बुडाल्यात जमा होते. तिसरी जागा कुणाची, एवढाच प्रश्न होता. संडरलंड, कोव्हेंट्री आणि ब्रिस्टल सिटी तिघांचे गुण सारखे, 34. तिघांचा एकेक सामना बाकी, तिन्ही संघ एकाच रात्री खेळणार. तेव्हा विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण मिळे. गुण सारखे झाले तर गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, बघायचा, आणि हा नियम त्याच हंगामात लागू झाला होता.

गोलफरकात संडरलंड सर्वांत बरा होता, वजा 6. ब्रिस्टल सिटी वजा 10, कोव्हेंट्री वजा 11. म्हणजे संडरलंडने एव्हर्टनकडे नुसती बरोबरी साधली असती तरी तो सुटला असता. मग कोव्हेंट्री आणि ब्रिस्टल बरोबरीत राहिले असते तर तिघांचे 35 गुण झाले असते आणि गोलफरकावर कोव्हेंट्री खाली गेला असता.

हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण या प्रसंगाबद्दल बोलताना बहुतेक जण एवढंच सांगतात की बरोबरी दोघांनाही सोयीची होती. ते अर्धंच खरं आहे. ब्रिस्टलला बरोबरी कशीही चालणार होती. कोव्हेंट्रीला ती चालणार होती फक्त संडरलंड हरला तर. एव्हर्टनच्या मैदानावर शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कोव्हेंट्रीला जिंकण्यासाठी धावणं भाग होतं. ती शिट्टी वाजल्याचं कळलं आणि धावायचं कारण संपलं. उलट आता गोल खाणं हाच एकमेव धोका उरला, कारण हरणारा संघ 34 गुणांवर अडकून गोलफरकाने संडरलंडच्याही खाली जाणार होता.

त्या रात्री मैदानावर सर्वांत मौल्यवान वस्तू कुठली असेल तर ती बातमी होती.

बातमीचा माणूस

जिमी हिलचं सगळं आयुष्य बातमी पोचवण्यात गेलं असं मी म्हटलं, तर त्याला ओळखणारे वाचक हसतील. त्याची ओळख म्हणजे लांब हनुवटी, ठाम मतं आणि पडद्यावरचा वाद. पण मागे जाऊन बघा.

22 जुलै 1928 ला लंडनच्या बॅलममध्ये जन्म. 1949 मध्ये ब्रेंटफर्डकडून व्यावसायिक फुटबॉल सुरू, 1952 पासून फुलहॅम. खेळाडू म्हणून तो मेहनती होता, फार मोठा नव्हता. त्याच्या शेजारी खेळणारा जॉनी हेन्स असामान्य होता आणि हिलला ते कळत होतं. 1958 मध्ये डॉनकॅस्टरच्या मैदानावर त्याने एकट्याने पाच गोल केले, हा त्याच्या खेळाचा सर्वांत झळाळता दिवस. खेळाडू गुळगुळीत दाढी करून मैदानात उतरत त्या काळात त्याने दाढी राखली होती. चारचौघांत उठून दिसायची त्याला भीती वाटत नसे.

त्याचं खरं काम मैदानाबाहेर सुरू झालं. 1957 मध्ये तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. 1958 पासून इंग्लंडमधल्या कुठल्याही फुटबॉलपटूला आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड देता येत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत 17. मैदानात साठ हजार माणसं आली तरी 20. स्टॅन्ली मॅथ्यूजसारखा देशभर गाजलेला खेळाडू असला तरी 20. वर करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. हिलने आणि सरचिटणीस क्लिफ लॉइडने गावोगावी सभा घेतल्या, खेळाडूंना त्यांचा हिशेब समजावून सांगितला. मँचेस्टरच्या सभेतला एक किस्सा अजून सांगितला जातो. एक तरुण खेळाडू उठून म्हणाला, माझे वडील खाणीत उतरून याहून कमी कमावतात, मग आपण जास्त मागावं का? बोल्टनचा टॉमी बँक्स उठला. खाणीतलं काम मी करून दाखवीन, पण तुझ्या वडिलांनी शनिवारी तीस हजार माणसांसमोर मॅथ्यूजला अडवून दाखवावं, अशा अर्थाचं तो बोलला. सभा तिथेच फिरली.

21 जानेवारी 1961 ला संप ठरला. तीन दिवस आधी फुटबॉल लीग नमली आणि कमाल वेतनाची मर्यादा गेली. फुलहॅमचा चेअरमन, विनोदी नट टॉमी ट्रिंडर, हेन्सला शंभर पौंडांच्या लायकीचा म्हणत आला होता. आता शब्द पाळणं आलं, आणि हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळू लागले. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला लीगचा सचिव ॲलन हार्डेकर होता. हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी गुडघ्याने दगा दिला आणि हिलचं खेळणं थांबलं. नोव्हेंबर 1961 मध्ये तिसऱ्या विभागातला कोव्हेंट्री सिटी किंग्ज लिनसारख्या बिगरलीग संघाकडून एफए कपमध्ये घरच्या मैदानावर हरला. चेअरमन डेरिक रॉबिन्सने मॅनेजर बदलला आणि 33 वर्षांच्या हिलला आणलं. त्याला मॅनेजरकीचा अनुभव शून्य होता.

पुढची सहा वर्षं म्हणजे इंग्लिश फुटबॉलमधला मला सर्वांत आनंदाचा वाटणारा काळ. कोव्हेंट्री मोटार कारखान्यांचं शहर होतं, महायुद्धात बेचिराख होऊन पुन्हा उभं राहिलेलं. हिलने संघाचा पोशाख आकाशी निळा केला आणि ‘स्काय ब्लूज’ हे नाव रूढ केलं. संचालक जॉन कॅमकिनच्या साथीने क्लबचं गाणं लिहिलं, चाल घेतली ईटन शाळेच्या नौकागीताची. श्रीमंतांच्या शाळेची चाल कारखान्यातल्या कामगारांच्या तोंडी! बाहेरगावच्या सामन्यांसाठी ‘स्काय ब्लू एक्सप्रेस’ ही खास रेल्वेगाडी, सामन्याआधी मैदानावर करमणूक, मुलांना सामन्यानंतर शीतपेय, चिप्स आणि खेळाडूंच्या सह्या. सामन्याचं कार्यक्रमपत्रक वाचण्याजोगं केलं. 1964 मध्ये मैदानावर इलेक्ट्रिक स्कोअरबोर्ड आला. ऑक्टोबर 1965 मध्ये कार्डिफला चाललेला सामना केबलवरून हायफील्ड रोडवर उभारलेल्या मोठ्या पडद्यांवर दाखवला आणि रिकाम्या मैदानाकडे तोंड करून तो बघायला दहा हजारांवर माणसं आली.

या सगळ्यामागे एकच हट्ट दिसतो. पाहणाऱ्याला अंधारात ठेवायचं नाही. खेळाडूला त्याची किंमत कळू दे, प्रेक्षकाला काय चाललंय ते कळू दे.

1964 मध्ये कोव्हेंट्री वरच्या विभागात गेला, 1967 मध्ये आणखी वर, थेट पहिल्या विभागात. त्या वर्षी 29 एप्रिलला वुल्व्ह्जविरुद्धच्या सामन्याला 51,455 माणसं होती. हायफील्ड रोडवर तेवढी गर्दी पुन्हा कधी झाली नाही. आणि पहिल्या विभागातला पहिला हंगाम तोंडावर आलेला असताना हिल निघून गेला. टेलिव्हिजनकडे.

त्याने केलेला डोंगर त्याने स्वतः का चढून पाहिला नाही, हे कोव्हेंट्रीकरांना कित्येक वर्षं सलत राहिलं. मला त्यात विसंगती वाटत नाही. मैदानातल्या पन्नास हजारांना सांगून झालं होतं, आता घरातल्या लाखोंना सांगायचं होतं. लंडन वीकएंड टेलिव्हिजनचा क्रीडाप्रमुख म्हणून 1970 च्या विश्वचषकाला त्याने माल्कम ॲलिसन, पॅडी क्रेरँड, डेरेक डूगन आणि बॉब मॅकनॅब यांना स्टुडिओत एकत्र बसवलं आणि भांडू दिलं. आज जगातल्या कुठल्याही वाहिनीवर सामन्याआधी चार माजी खेळाडू हातवारे करत बसतात, त्या पंगतीचं पहिलं ताट तिथे मांडलं गेलं. 1973 मध्ये तो बीबीसीकडे आला. ‘मॅच ऑफ द डे’मध्ये तो सहाशेहून अधिक वेळा दिसला.

मध्येच एक प्रसंग. सप्टेंबर 1972, हायबरीवर आर्सेनल विरुद्ध लिव्हरपूल. एक लाइन्समन जखमी झाला आणि बदली कुणी नव्हतं. प्रेक्षकांत बसलेला हिल अधिकृत रेफ्री होता. कपडे बदलून, झेंडा घेऊन तो खाली उतरला. नियम पाळणारा, नियमांवर प्रेम असणारा माणूस होता तो. म्हणूनच 1977 ची रात्र अधिक टोचते.

ती रात्र, पुन्हा

1975 मध्ये हिल कोव्हेंट्रीत परतला, या वेळी मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून. बीबीसीचं काम चालूच होतं. संघाचा मॅनेजर गॉर्डन मिल्न. समोरच्या ब्रिस्टल सिटीचा मॅनेजर ॲलन डिक्स, म्हणजे साठच्या दशकात कोव्हेंट्रीत हिलचाच सहायक. हे सांगताना मला कुठलीही मिलीभगत सुचवायची नाही. तसा पुरावा नाही आणि सामना ज्या ईर्षेने खेळला गेला त्यावरून ती शक्यताही वाटत नाही.

मैदानाबाहेर गर्दी होती, लोक अजून आत येत होते, म्हणून सामना काही मिनिटं उशिरा सुरू करण्यात आला. लिव्हरपूलमध्ये गुडिसन पार्कवरचा एव्हर्टन-संडरलंड सामना वेळेवर सुरू झाला होता. या काही मिनिटांच्या फरकावर पुढचं सगळं उभं आहे.

टॉमी हचिसनने दोन गोल करून कोव्हेंट्रीला 2-0 असं पुढे नेलं. तेव्हा कोव्हेंट्रीला कुणाचीच फिकीर नव्हती. पण ब्रिस्टलने हार मानली नाही. गेरी गाऊने एक गोल फेडला, मग शेवटच्या टप्प्यात डॉनी गिलीजने बरोबरी केली. आता कोव्हेंट्रीचा जीव एव्हर्टनच्या हातात गेला. गुडिसनवर एव्हर्टन एका गोलने पुढे होता. संडरलंडने एक गोल केला असता तर कोव्हेंट्री खाली. तो गोल झाला नाही. शेवटी एव्हर्टननेच दुसरा घातला, सामना संपला आणि निकाल हायफील्ड रोडला पोचला.

तो निकाल दाखवायचा की नाही, हा निर्णय यजमान क्लबचा होता. हिलने दाखवायला सांगितलं.

मग सुरुवातीला सांगितलेलं दृश्य. स्टेडियमभर जल्लोष, आणि मैदानावर चेंडू कुठेच जात नाही. शिट्टी वाजली तेव्हा दोन्ही संघ वाचले होते. संडरलंड खाली गेला होता.

हिलची बाजू

त्याची बाजू आपण प्रामाणिकपणे मांडू, कारण ती पोकळ नाही.

कुठलाही नियम मोडला गेला नव्हता. दुसऱ्या मैदानावरचे निकाल प्रेक्षकांना सांगणं ही रोजचीच रीत होती. त्या गर्दीत ट्रान्झिस्टर घेऊन आलेले लोक असणारच, आणि बातमी दोन मिनिटांत कडेच्या बाकापर्यंत पोचलीच असती. चेंडू न खेळण्याचा निर्णय खेळाडूंनी घेतला, हिलने नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, संडरलंड हरला तो स्वतःच्या खेळाने. एक बरोबरी त्यांना पुरली असती.

हे सगळं मान्य करूनही माझं मत हिलच्या विरोधात जातं. ट्रान्झिस्टरवरची कुजबुज आणि क्लबने अधिकृतपणे फलकावर लावलेला निकाल यांत फरक आहे. कुजबुजीवर विश्वास ठेवून कुणी आक्रमण थांबवत नाही, कारण ती खोटी ठरली तर गळ्याशी येतं. फलक म्हणजे शिक्कामोर्तब. ते शिक्कामोर्तब ज्याने केलं त्याचाच क्लब त्यातून वाचणार होता. आपला लाभ ज्यात गुंतला आहे तिथे माहिती देण्याचा हक्क आपल्याकडे ठेवायचा नसतो, आणि हे हिलला इतर कुणाहीपेक्षा जास्त समजायला हवं होतं. 1961 मध्ये त्याने क्लबमालकांना नेमकं हेच ऐकवलं होतं : खेळ तुमच्या मैदानावर होतो म्हणून त्याचे निर्णय तुमच्या एकट्याचे नाहीत.

लीगने चौकशी केली. सचिव तोच, ॲलन हार्डेकर. कोव्हेंट्रीला ताकीद मिळाली, निकाल कायम राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही. घडलेल्या गोष्टीला लागू पडेल असा नियमच तेव्हा पुस्तकात नव्हता.

दोष हिलचा होताच, पण त्याहून मोठा दोष व्यवस्थेचा होता. एकमेकांवर अवलंबून असलेले दोन सामने एकाच ठोक्याला सुरू झाले पाहिजेत आणि एकाला उशीर झाला तर दुसऱ्यानेही थांबलं पाहिजे, ही सक्ती नव्हती. जगाला हा धडा मिळायला आणखी पाच वर्षं लागली. 25 जून 1982 ला स्पेनमधल्या खिखोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीच्या 1-0 वर सामना अक्षरशः थांबवला आणि आदल्या दिवशी आपला सामना खेळून बसलेला अल्जीरिया विश्वचषकाबाहेर गेला. 1986 पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

नंतर

कोव्हेंट्री पुढच्याच हंगामात सातवा आला आणि 2001 पर्यंत सर्वोच्च विभागात टिकला. ब्रिस्टल सिटीला मात्र वाचण्याचा फार उपयोग झाला नाही. 1980 मध्ये तो खाली गेला आणि ओळीने तीन वर्षं घसरत चौथ्या विभागात पोचला. संडरलंड 1980 मध्ये परतला, पण तिथल्या लोकांनी हिलला कधी माफ केलं नाही. वीअर नदीकाठच्या त्या जहाजबांधणीच्या शहरात वडिलांकडून मुलाकडे हा राग वारशासारखा गेला. दोन पिढ्यांचे लोक एका स्कोअरबोर्डबद्दल एवढे हळवे असू शकतात हे ज्यांना अजब वाटतं, त्यांनी आयुष्यात एकाच क्लबवर जीव लावलेला नसावा.

हिलच्या पुढच्या आयुष्यात चूक आणि मोठेपण आलटून पालटून येत राहिलं. 1982 मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत बंडखोर खेळाडूंचा दौरा नेण्यात तो पुढे होता, फिफाने निषेध केला, दौरा अर्ध्यावर गुंडाळावा लागला. खेळाडूंच्या हक्कांसाठी लढलेल्या माणसाला तिथल्या काळ्या माणसांचे हक्क दिसले नाहीत, याचं समर्थन मला करता येत नाही. त्याच वर्षी ब्राझीलविरुद्ध स्कॉटलंडच्या डेव्हिड नेरीने मारलेल्या देखण्या गोलला बीबीसीवर त्याने पायाच्या टोकाने ढोसलेला चेंडू ठरवलं आणि सगळं स्कॉटलंड अंगावर ओढवून घेतलं. पण 1987 मध्ये फुलहॅम क्लब क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये विलीन करण्याचा घाट जागेच्या मालकांनी घातला, तेव्हा लोकांना जमवून आपला जुना क्लब वाचवणारा हाच होता. पुढे दहा वर्षं तो फुलहॅमचा चेअरमन राहिला. सत्तरी ओलांडल्यावरही रविवारी सकाळी स्काय स्पोर्ट्सवर पत्रकारांना घेऊन चर्चा रंगवत असे. 2008 मध्ये अल्झायमरचं निदान झालं. 2011 मध्ये कोव्हेंट्रीत त्याचा पुतळा उभारला गेला तेव्हा तो स्वतः हजर होता. 19 डिसेंबर 2015 ला, वयाच्या 87 व्या वर्षी, तो गेला.

आणि एक गोष्ट अजून राहिली.

बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघांमुळे खेळ मरगळतो, जिंकण्याला जास्त मोल हवं, हे हिलचं जुनं म्हणणं होतं. त्याच्याच आग्रहामुळे 1981 पासून इंग्लिश लीगमध्ये विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. 1994 मध्ये विश्वचषकाने तो नियम घेतला आणि आज गोवा प्रोफेशनल लीगसह जवळजवळ सगळं जग त्याच मापाने मोजतं. त्याने खेळाला दिलेली ही सर्वांत टिकाऊ देणगी.

मी एकदा कुतूहल म्हणून 1976-77 चा अंतिम तक्ता या नियमाने पुन्हा मांडला. नियम वेगळा असता तर संघ वर्षभर वेगळे खेळले असते, हे कबूल. तरी आकडे असे येतात. कोव्हेंट्रीने 42 पैकी 10 सामने जिंकले होते आणि 15 बरोबरीत सोडवले होते : 45 गुण. संडरलंडने 11 जिंकले, 12 बरोबरीत : 45 गुण. त्याच रात्रीच्या त्याच निकालांसह गुण सारखे, म्हणून गोलफरक बघायचा. संडरलंड वजा 8, कोव्हेंट्री वजा 11.

जिमी हिलच्या नियमाने संडरलंड वर राहिला असता आणि कोव्हेंट्री खाली गेला असता.